रोझेर डेशेनचे पाच सामने

त्या शनिवारी सकाळी बटाट्याच्या वाळल्या वेलांवर दहिवर गोठून पांढरं झालं होतं, आणि नदीवरून धुकं असं उठत होतं की पलीकडचा कॅनडा दिसेना. जमीन गार असताना बटाटा काढत नाहीत. गारठलेला बटाटा टोपलीत नुसता पडला तरी आतून काळा होतो. म्हणून अल्सीद डेशेनच्या वावराच्या कडेला आम्ही वीस-बावीस माणसं उलट्या टोपल्यांवर बसून ऊन वर यायची वाट बघत होतो. शाळा बंद होत्या. आमच्या खोऱ्यात बटाट्याचे तीन आठवडे त्या बंदच असतात. पोरं रिकाम्या पिंपांवर ढोल बडवत होती. अल्सीद दर पाच मिनिटांनी मातीत बोट खुपसायचा, मान हलवायचा, परत उभा राहायचा.

नऊला त्याने हात केला. यंत्र ओळीत शिरलं, माती उलटी झाली, बटाटे वर आले. आमच्या वेचण्यापेक्षा यंत्र पुढे पळत होतं. साडेअकरापर्यंत सहा ओळी उघड्या पडल्या होत्या आणि पाऊस आला. चिखलात ना यंत्र चालतं ना माणूस. बटाटे होते तिथे सोडून आम्ही सगळे डेशेनांच्या स्वयंपाकघरात घुसलो.

वालेडाने, अल्सीदच्या बायकोने, प्लोयची चळत लावली होती. त्या पिवळ्या धिरड्यांवर काकवी ओतून आम्ही खात होतो, आणि कोपऱ्यात टीव्ही लावला होता, कारण त्या दुपारी बोस्टनला बेसबॉलचा सामना होता आणि या घरातला थोरला मुलगा, रोझेर, त्या सामन्यात होता.

बोस्टनकडून नव्हे. तीच तर पंचाईत होती. आमच्याकडे मूल बाप्तिस्म्याच्या आधी बोस्टनचं होतं, देवाचं नंतर. रोझेर ज्या संघात होता त्याचं नाव मी सांगत नाही. काही म्हातारे अजून ते ऐकलं की थुंकतात.

“अल्सीदभाऊ,” मी विचारलं, “आज कुनाच्या बाजूनं बसलाय म्हनायचं?”

“बोस्टन जिंकाय पायजे,” अल्सीद म्हणाला, “आन् रोझेरला मार बसाय नको.”

“दोन्ही कसं व्हईल?”

“ते देवानं बघावं. माझं काम न्हवं ते.”

रोझेर डावखुरा पिचर, म्हणजे बॅटरला चेंडू टाकणारा. पहिला पिचर दमला, किंवा त्याला फार मार बसायला लागला, की मधेच ज्याला बोलावतात तसला. नांगराचा घोडा बसला की शेजाऱ्याचा आणून जुंपतात, तसं. नऊ वर्षं तो खालच्या लीगमधल्या संघांतून हिंडला. एप्रिलात जायचा, सप्टेंबरात बटाट्याला परत यायचा, आणि हिवाळाभर बटाट्याच्या वखारीत निवडणीच्या पट्ट्याशी उभा राहायचा. त्याच्या डाव्या अंगाला झेली मावशी. वालेडाची थोरली बहीण. हिचं लग्न झालं नाही, आणि ‘व्हायचंच नव्हतं मला’ हे ती कुणी न विचारता सांगते.

पट्ट्यावरून बटाटे येतात. चांगला दिसतो तो पुढे जाऊ द्यायचा. शंका आली तो उचलून अंगठ्याने दाबायचा, मऊ लागला की फेकायचा. एक नासका सुटला तर वाटेत अख्खी रास नासते. हे रोझेरला मावशीनेच शिकवलं, आणि तो इतकं शिकला की दुकानात गेला तर पाव दाबायचा, बूट घ्यायला गेला तर बुटाचं नाक दाबायचा. बहिणीच्या लेकीच्या बाप्तिस्म्याला तिचा गाल दाबून त्याने तिला रडवलं होतं.

त्या साली तो अठ्ठावीस पुरा झाला आणि एक सप्टेंबरला वरच्या लीगमधून बोलावणं आलं. सप्टेंबरात वरचे संघ खालची दहा-बारा माणसं आजमावायला घेतात आणि महिन्याअखेर चाळण लावतात. पुढच्या वसंतासाठी त्यांना डावखुरा एक हवा होता. बोलावले होते दोन. दुसरा बावीस वर्षांचा होता. रोझेरने घरी फोन केला तेव्हा मी तिथेच होतो. आमच्याकडे फोनवर एवढ्या मोठ्याने बोलतात की पलीकडचंही सगळ्यांना कळतं.

“बा, या महिन्यात काय ते ठरंल. जमलं तर जमलं. न्हाईतर मी घरला येतो, आन् मग परत जायाचा न्हाई. लई झालं आता.”

“आन् बटाटं कुनी काडायचं?”

“बा...”

“आरं मस्करी केली. जा तू. बटाटं थांबत न्हाईत, पर ती मान्संबी थांबायची न्हाईत.”

पहिल्या सामन्यात त्याने एकाच बॅटरला चेंडू टाकले. त्या माणसाने असा हाणला की भिंतीशी पाठ लावून उभ्या असलेल्या गड्याने उडी मारून धरला म्हणून बाद. दुसऱ्या सामन्यात तीन बॅटर आले, तिघांनी तीन टोले मारले, रोझेर बाहेर. कोच लोकांना काही उमगेना. चेंडू होते ते चांगलेच होते. रोझेरकडे दोन होते: एक बसका, जो बॅटजवळ आला की खाली बसतो, आणि एक वळता. दोन्ही खालच्या लीगमध्ये चालले होते. वर मात्र बॅटर असे उभे राहत, की जणू पुढचा चेंडू त्यांना आदल्या दिवशी पोस्टाने कळवलाय.

हे सगळं आम्ही पेपरात वाचलं होतं. डोळ्यांनी त्याला वर खेळताना कुणीच बघितलं नव्हतं. बोस्टनचे सामने तेवढे आमच्याकडे दिसतात.

सातव्या डावात रोझेर, राखीव पिचर बसतात त्या कुंपणापलीकडून, चालत आला. स्वयंपाकघरात एवढा गलका झाला की तव्यावरची धिरडी जळाली. वालेडाने क्रूसाची खूण केली आणि टीव्हीकडे पाठ करून परत चुलीशी गेली. झेली मावशी मांडीवर पातेलं घेऊन घेवड्याच्या शेंगा सोलत होती.

“वाळलाय,” ती म्हणाली. “खायाला घालत न्हाईत वाटतं.”

पहिला बॅटर बसक्यावर बाद झाला. आम्ही टाळ्या वाजवल्या आणि मग बोस्टनचा माणूस बाद झाला म्हणून ओशाळून थांबलो. दुसरा आला. टीव्हीवाले पिचरला पाठीमागून दाखवतात. रोझेरने चेंडू हातमोज्यात धरला, छातीशी नेला.

“ह्यानं दाबला,” मावशी म्हणाली.

“काय दाबला?” अल्सीदने विचारलं.

चेंडू वळला. बॅटर वाटच बघत होता. टोला मैदानाच्या पार कोपऱ्यात गेला.

“चेंडू दाबला त्यानं. अंगठ्यानं. कोपर बघ की त्येचं. जोर लावला की भाईर येतंय. पंदरा हिवाळं माझ्या बरगडीत घुसतंय ते कोपर, मला न्हाई कळायचं?”

“आक्का, उगं काय तरी...” चुलीकडून वालेडा.

“तू धिरडी बघ. आता दाबला न्हाई.”

चेंडू बसका निघाला.

“आता न्हाई.”

बसका.

“आता दाबला.”

वळता. बॅटरने एक पाऊल मागे ठेवून, अगदी सवडीने, भिंतीवर हाणला. ती बोलायची आणि मग चेंडू यायचा. सहा वेळा बोलली, सहाही खरं निघालं. आधी कुणी हसलं, मग कुणी हसेना. आणखी एक बाद झाला तोवर चार धावा गेल्या होत्या, आणि मॅनेजर येऊन रोझेरच्या हातातून चेंडू काढून घेऊन गेला.

“पर फकस्त वळता टाकतानाच कशापायी?” मी विचारलं.

“बसक्यावर भरवसा हाय त्येचा. वळत्यावर न्हाई.” मावशीने शेंग मोडली. “भरवशाच्या बटाट्याला कोन दाबतंय? शंका असती त्यालाच दाबायचं. मीच शिकवलंय. आन् ती बोस्टनची मान्सं काय आंदळी हाईत? त्यांनी बटाटं निवडलं नसतील, पर कोपर तर दिसतंय.” मग ती अल्सीदकडे वळली. “फोन लाव त्याला.”

“आता मैदानात हाय तो.”

“मग हाटेलात आल्यावर लाव. उद्या परत खेळ हाय.”

त्याच वेळी पाऊस थांबला. आभाळ उत्तरेकडून फाटलं, निळंभोर झालं, आणि आमच्यातल्या प्रत्येकाने खिडकीकडे बघितलं. सप्टेंबरात पावसानंतर असं आभाळ झालं की रात्री काय होणार ते आमच्याकडे रेडिओने सांगावं लागत नाही. तरी रेडिओने सांगितलं. कडाक्याचं हिव, सखल जमिनीत जास्त. अल्सीदचं वावर नदीकडचं, सगळ्यांत सखल. सहा ओळी उघड्या पडलेल्या. रात्रभर उघडा राहिलेला बटाटा सकाळी दगड असतो आणि दुपारी लगदा.

अल्सीद भिंतीवरच्या फोनकडे बघत उभा राहिला, मग खिडकीकडे, मग बुटात पाय घातले.

“आधी बटाटं आत घ्या,” तो म्हणाला.

आम्ही निघालो. चिखलात गुडघे टेकून वेचलं. हाताची बोटं लाकडासारखी झाली. अंधार पडल्यावर गाडीचे दिवे वावरावर सोडले आणि शेवटची ओळ काढली. पिंपं वखारीत लोटली, दार लावलं. परत आलो तेव्हा मावशी पायरीवर बसून बूट ओढून काढत होती.

“फोन,” ती म्हणाली.

“दमलोय,” अल्सीद म्हणाला. “सकाळी करतो. मिस्सेवरनं आलो की.”

रविवारी चर्चातली मिस्सा लांबली. साडेअकराला अल्सीदने फोन लावला. लांबचा फोन त्याने जन्मात दोनदाच केला होता, दोन्ही वेळा कुणी गेल्याचं सांगायला. हॉटेलातल्या माणसाने इंग्रजीत सांगितलं की सगळे मैदानावर गेले. आमच्याकडे घरी फ्रेंच बोलतात, अल्सीदला इंग्रजी बेताचंच येतं, पण एवढं कळलं.

दुपारी टीव्हीसमोर अल्सीद, वालेडा, मावशी आणि मी. आठव्या डावात रोझेर परत चालत आला. पहिल्याच वळत्याला मावशी हळूच ‘दाबला’ म्हणाली. त्यानंतर बोललीच नाही. बोलायची गरजही नव्हती, आता आम्हालाही कोपर दिसत होतं. एकदा दिसलं की दुसरं काही दिसत नाही. एक बाद, दोन धावा, आणि मॅनेजर परत आला. अल्सीद उठून कोंबड्यांना दाणे टाकायला गेला. कोंबड्यांना सकाळीच टाकले होते.

संध्याकाळी सहाला फोन लागला.

“रोझेर, झेली मावशी म्हनती तू चेंडू दाबतोस.”

“काय?”

“अंगठ्यानं. वळता टाकायच्या आधी. कोपर भाईर येतंय. मलाबी दिसलं.”

अल्सीदने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“बा,” रोझेर म्हणाला, “नऊ वर्सं कुनी सांगितलं न्हाई हे.”

मावशीने फोन ओढून घेतला. “मला दिसलास कदी तू? पयल्यांदा काल टीव्हीत दिसलास. आन् खालच्या लीगमदल्या कोचांनी बटाटं कुटं निवडलं व्हतं?”

“मावशे, मी दाबतो हे मला म्हाईतच न्हाई.”

“आता झालं न्हवं म्हाईत? मग नगं दाबू.”

पुढचं रोझेरने त्या हिवाळ्यात पट्ट्याशी सांगितलं, तुकड्या-तुकड्याने. सोमवारी सकाळी तो हॉब केंडलकडे गेला. हा केंडल म्हणजे कुंपणापलीकडच्या राखीव पिचरांचा कोच, तोंडात कायम तंबाखू. त्याने रोझेरला दहा चेंडू टाकायला लावले, आणि तंबाखू थुंकला.

“आईशप्पथ. तुला आतापर्यंत कोच किती होते?”

“सात.”

“आणि हे पकडलं कुणी?”

“माझ्या मावशीने.”

“तिला म्हणावं माझ्या जागेवर ये, मी तिकडे बटाटे बघतो.”

दोन दिवस केंडलने त्याला न दाबता टाकायची सवय लावली. जमेना. दाबायचं नाही म्हटल्यावर हातात चेंडू आहे की कांदा आहे तेच कळेना, असं रोझेर म्हणायचा. बुधवारी, दुसऱ्याच एका शहरात, हरत आलेल्या सामन्यात त्याला आठव्या डावात पाठवलं. रिकामी बाकडी जास्त, माणसं कमी. पहिल्या बॅटरला चारही चेंडू बाहेर. तो फुकटात पहिल्या तळावर गेला. बॅटरमागे चेंडू धरणारा कॅचर येऊन म्हणाला, “काय रे बटाट्या, झोपलास का?” संघात त्याला बटाट्याच म्हणत.

तिथे उभ्या-उभ्या रोझेरला सुचलं. न दाबणं जमत नसेल तर सगळेच दाबावेत. बसकाही दाबायचा. मग कोपराने काय सांगायचं ते सांगू दे.

दुसऱ्या बॅटरने कोपर बघितलं, वळत्याची वाट बघत थांबला, आणि आला तो बसका. बॅटच्या खालच्या काठाला लागून जमिनीवर घरंगळला. एका चेंडूत दोघे बाद. तिसरा बॅटर हुशार होता. दोन चेंडू नुसता कोपर बघत राहिला. तिसऱ्याला काय येणार ते त्याला ठरवता येईना, आणि वळत्यावर त्याने हवेत बॅट फिरवली. डाव संपला. नऊ वर्षांत आपण इतका चांगला डाव टाकला नव्हता, असं रोझेर म्हणतो, आणि ते बघायला आमच्यातलं कुणी नव्हतं.

केंडल कपडे बदलायच्या खोलीत त्याच्या शेजारी येऊन बसला. त्याने आडून सांगितलं नाही. “वसंताची यादी रविवारी संध्याकाळी वर गेली. दुसरा पोरगा आहे तिच्यात. मी आज रात्री मॅनेजरशी परत बोललो. तो म्हणाला, एका डावावर यादी फिरवत नाहीत.” मग म्हणाला, “खालचा संघ तुला परत घेईल. मी शब्द टाकतो.”

“नको,” रोझेर म्हणाला. “घरी सांगून आलोय.”

महिना संपेपर्यंत त्याला बाकावर बसवलं, परत बोलावलं नाही. पाच सामने, सात बाद, नऊ धावा. वरच्या लीगमधला त्याचा हिशोब एवढाच. नोंदींच्या पुस्तकात एक ओळ आहे.

ऑक्टोबरच्या दोन तारखेला तो बसने आला. दुपार होती, ऊन होतं, आणि आमचं वरच्या अंगाचं शेवटचं वावर चालू होतं. पिशवी रस्त्याच्या कडेला टाकून तो सरळ ओळीत आला. पोरांनी गराडा घातला, बोस्टनच्या कुणाकुणाला जवळून बघितलं ते विचारलं. मावशीने त्याला आपादमस्तक न्याहाळलं.

“वाळलास.”

“व्हय मावशे.”

“शेंगा शिजत घातल्यात. रातच्याला ये.”

एवढंच. मग ती पुढच्या ओळीत गेली.

अल्सीद यंत्राशी उभा होता. साखळी अडकली होती. बाप-लेक थोडा वेळ साखळीकडेच बघत राहिले.

“शनवारी मला फोन करता आला असता,” अल्सीद म्हणाला. “करायला पायजे व्हता.”

“मावशी बोलली फोनवर. पाऊस, हिव, समदं.”

“सा ओळी उगड्या व्हत्या.”

“किती निगालं?”

“अठ्ठ्याहत्तर पिंपं.”

“गोठलं किती?”

“येकबी न्हाई.”

मी जवळच पिंप सरळ करत होतो. मी ते उगाच जास्त वेळ सरळ केलं.

“त्यापायीच थांबलास?” रोझेरने विचारलं.

“त्या वक्ताला तसंच वाटलं.” अल्सीदने टोपी काढली, परत घातली. “रातच्याला मातर बटाटं आत हुतं. तवा दमलो म्हनलं. खरं तर... तू घरला यावास असंबी मनात हुतं. त्यातलं किती काय, ते मला सांगता यायचं न्हाई, रोझेर. लई इचार केला.”

रोझेरने खाली बसून साखळीत हात घातला. तो बोलला तेव्हा तोंड यंत्राकडे होतं.

“मलाबी सांगता यायचं न्हाई. तू शनवारी सांगितलं असतंस तरी रविवारी मी काय केलं असतं कोन जाने. बुदवारी पयला गडी फुकटात गेलाच की.” मग म्हणाला, “पर सांगायला पायजे हुतंस.”

“व्हय.”

“धोंडा हाय आत. पहार कुटंय?”

अल्सीदने गाडीतून पहार आणून दिली. रोझेर अंगातला शहरातला कोट काढून, यंत्राखाली पाठीवर सरकला. दोनदा पहार घसरली, दोनदा त्याने शिवी दिली. तिसऱ्यांदा माणसाच्या डोक्याएवढा धोंडा मातीत पडला.

“चालू कर!” तो खालूनच ओरडला.

“आरं, आदी भाईर तर ये,” अल्सीद म्हणाला.